न धुतलेलं ताट

नलूताई गद्रे ऑर्डर घेताना एकच अट घालायच्या आणि ती समोरच्याकडून वदवून घ्यायच्या.

"ताट धुवायचं नाही. उरलेलं टाकायचं नाही, डब्यात काढायचं नाही, कामवालीला द्यायचं नाही. जसं असेल तसं झाकून ठेवायचं. सकाळी मी येऊन नेईन. काय करायचं नाही?"

"धुवायचं नाही."

हे ऐकल्यावरच त्या वहीत नाव लिहायच्या.

लखनौत या अटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आमच्या विकास नगरमधल्या शेजारीण श्रीवास्तवबाई म्हणाल्या, "बुज़ुर्ग हैं, किसी ज़रूरतमंद को दे देती होंगी." मला ते पटलं नाही. गरजूला द्यायचं असेल तर माणूस ताट उलटं करून पिशवीत भरतो. नलूताई मात्र ते ताट दोन्ही हातांनी तोलत, एकही गोष्ट जागची हलू न देता ई-रिक्षात बसायच्या आणि रिक्षावाल्याला सांगायच्या, "भैया, गड्ढा बचाके."

त्या महानगर नावाच्या वस्तीत राहायच्या, कपूरथला बाजारापासून चालत सात मिनिटांवर, तळमजल्यावर. त्यांचे यजमान इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तरुणपणी दोन वर्षं त्यांना इटलीत काम मिळालं, तेव्हा नलूताई बरोबर गेल्या. तिथल्या घरमालकिणीची भाषा यांना येत नव्हती आणि यांची तिला, त्यामुळे दोघी दोन वर्षं फक्त स्वयंपाकघरात बोलल्या. यजमान गेल्यावर त्या शिदोरीवर नलूताईंनी पार्ट्यांसाठी इटालियन ताटं करून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं 'प्लॅटर' म्हणायची, त्या 'ताट'च म्हणायच्या.

"जेवणाआधी खायचं एवढंच हो," त्या सांगायच्या. "आपल्या ताटाची डावी बाजू. चटणी, कोशिंबीर, लोणचं, तळण. त्यांनी डावी बाजू आधी वाढून उजवी नंतर आणायची ठरवली, एवढाच फरक."

आणि त्या खरंच तसंच वाढायच्या. सहारनपूरहून करून आणलेलं शिसवीचं मोठं गोल ताट. वरच्या टोकाला मीठ आणि लिंबाच्या चकत्या. तिथून डावीकडे उतरत गच्चीवर वाळवलेले टोमॅटो, तेलात मुरवलेले वांग्याचे काप, भाजून साल काढलेली ढोबळी मिरची, संत्र्याच्या सालीत आणि लाल मिरचीत घोळलेले ऑलिव्ह. कडेने पावाचे कुरकुरीत तुकडे. मधोमध म्हशीच्या दुधाचं, घरी ओढून केलेलं मोझरेला, पांढरंशुभ्र, वर बेसिलची दोन पानं. या मोझरेलावर त्यांचा फार जीव. "तिकडे खरं मोझरेला म्हशीचंच. आणि म्हशी कोणाकडे? आपल्याकडे!"

संशयी मी आहेच, पण नलूताई माझ्या वरचढ होत्या. दुधाचं भांडं दारात आलं की त्या आधी त्यात लॅक्टोमीटर सोडायच्या. एकदा मी तिथे असताना तो जरा जास्तच खाली बुडाला.

"भैया, आज भैंस ने पानी ज़्यादा पिया?"

"आंटीजी, इतनी ठंड में भैंस पानी पीती ही नहीं."

"तो दूध ने पिया होगा."

दूधवाला हसला. त्या हसल्या नाहीत. दूध परत गेलं.

ऑलिव्हच्या बरणीचं झाकण त्या दुकानातच कानाशी धरून दाबून बघायच्या. टोमॅटो एक एक करून उन्हात धरायच्या. स्वयंपाकघरात कोणालाही प्रवेश नव्हता. फाटकासमोरच त्या खोलीची खिडकी, तिला जाड हिरवा पडदा. "डोकावणारा माणूस एक तर शिकायला येतो नाही तर चाखायला," त्या म्हणायच्या. "दोन्ही मला परवडत नाहीत."

सगळ्यात जास्त अविश्वास त्यांचा कौतुकावर. "इथे बावीस घरी ताटं गेली या महिन्यात. बावीस घरी 'लाजवाब'. एक माणूस असं म्हणाला नाही की बाई, मीठ जास्त पडलंय. असं कसं होईल? तुम्ही आकड्यातले आहात, सबनीस, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "बावीसपैकी बावीस संशयास्पदच आहे."

"तेच तर! आमच्या नाशिकला नणंद पहिला घास तोंडात असतानाच सांगायची. रडू यायचं, पण आमटी सुधारायची."

मी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात आहे. गोणीतून मूठभर धान्य काढायचं, ते तपासायचं आणि त्यावरून गोणीबद्दल बोलायचं, असल्या प्रकारचं माझं काम. मूळचा साताऱ्याचा. लखनौत येऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या डिसेंबरात मेधाने, माझ्या बायकोने, नलूताईंचं ताट सांगायचं ठरवलं. ऑर्डर द्यायला मी गेलो. नलूताईंनी वही उघडली.

"माणसं किती?"

"चाळीस."

"मराठी किती, इकडची किती?"

"चौदा आणि सव्वीस."

"साठीच्या वरचे?"

"नऊ."

"दात किती जणांचे स्वतःचे?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"हे माहीत नाही? मग चाळीस माणसं बोलावताय कशाला?"

पार्टी बुधवारी संध्याकाळी झाली. सगळ्यांनी 'लाजवाब' म्हटलं. मीही म्हटलं. साडेनऊला पाहुणे गेल्यावर मेधा ताटं झाकत होती तेव्हा मी उरलेलं मोजलं. वांग्याचे काप नऊ, टोमॅटो सहा, ऑलिव्ह बारा. मोझरेलाचा मुठीएवढा गोळा.

बारा ऑलिव्ह. बी काढलेले, टपोरे, तेलाने चकाकणारे. ते उद्या सकाळी महानगरात जाणार. आणि रविवारी दुपारी आमच्या मराठी मंडळाचं संमेलन होतं. तिथे नलूताईंचीच आठ ताटं येणार होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला जे वाटलं ते मी मेधाला सांगितलं.

"शी! नलूताई असं करतील?"

"मग उरलेलं नेतात कशाला?"

मी धारदार सुरी घेतली आणि बाराही ऑलिव्हच्या बुडाला छोटी फुली मारली. नमुन्यावर खूण करतात तशी. मग होते तसे ठेवून दिले.

सकाळी आठला नलूताई आल्या. चहा नको म्हणाल्या. ताटांवरचं झाकण उचलून बराच वेळ बघत राहिल्या. नंतर जे केलं ते पाहून माझा संशय दुप्पट झाला. त्या बैठकीच्या खोलीत फिरल्या. सोफ्याच्या मागे वाकून पाहिलं. बाल्कनीतल्या तिन्ही कुंड्यांमधली माती बोटाने उकरली. टीव्हीमागे डोकावल्या.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"नाही नाही. छान आहे हो घर," म्हणाल्या आणि ताटं तोलत निघून गेल्या.

रविवारी संमेलनात मी पहिल्याच ताटापाशी उभा राहिलो. एक ऑलिव्ह उचलला, उलटा केला. बुडाला फुली होती.

मी तो खाल्ला नाही. कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि आमच्या मंडळाचे सचिव तांबे यांना बाजूला घेऊन दाखवला. कशी खूण केली, किती केल्या, सगळं सांगितलं. तांब्यांचा चेहरा पडला. त्याला कारण होतं. फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं लग्न होतं, तीनशे माणसांचं, आणि सुरुवातीच्या खाण्याचं सगळं काम नलूताईंना दिलं होतं.

त्या लग्नावर नलूताईंचं काय अडलं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या ते लपवत नव्हत्या. नाशिकचा मुलगा दर आठवड्याला फोन करून सांगत होता की आई, पुरे झालं, घर विकू, इकडे ये. त्यांनी त्याला शब्द दिला होता: तांब्यांचं लग्न एकटीने निभावलं तर मी लखनौतच राहणार आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर येते.

त्याच दुपारी नलूताई माझ्यापाशी आल्या. "कसं झालंय, सबनीस?"

रुमाल खिशात होता. समोर विचारायची तीच वेळ होती.

"लाजवाब," मी म्हटलं.

जानेवारीत तांब्यांनी त्यांना फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. "ताई, काय सांगू, लड़केवाले अड़ गए हैं. त्यांना स्टार्टरमध्ये चाटच हवी. माझा तर फार आग्रह होता." तिकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. फोन फार लवकर संपला. खरं कारण तांब्यांनी त्यांना सांगितलं नाही. बाकी सर्वांना सांगितलं, प्रत्येकाला 'आपल्यातच ठेवा' अशा शपथेवर. मंडळातली घरं एकेक करत गळाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीवास्तवांकडे चहाला गेलो. मंडळातल्या कुजबुजीशी त्यांचा संबंध नव्हता. टेबलावर नलूताईंचं छोटं ताट होतं. सवयीने मी एक ऑलिव्ह उलटा केला. फुली. दुसरा उलटा केला. फुली. तिसरा, चौथा. श्रीवास्तव माझ्याकडे बघत राहिले, पण लखनौचे असल्यामुळे काही बोलले नाहीत. मी एकूण एक्केचाळीस ऑलिव्ह उलटे केले. एक्केचाळीसही ऑलिव्हना फुली होती.

"भाभीजी, ये कट?"

"अरे, आंटी अब सब में लगाती हैं. दिसंबर से. मसाला अंदर तक जाता है, और दिख जाता है कि गुठली नहीं है. बाबूजी के लिए बड़ा आराम हो गया."

मी बारा मारल्या होत्या. संमेलनात आठ ताटं होती आणि मी एक ऑलिव्ह पाहून थांबलो होतो. शेजारचा दुसरा उलटा केला असता तरी पुरे होतं. कार्यालयात माझ्या हाताखालच्या कोणी एका दाण्यावरून गोणीचा अहवाल लिहिला असता तर मी तो कागद त्याच्या अंगावर फेकला असता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. महानगरात गेलो. बैठकीत खोकी रचलेली होती, कपाट रिकामं होतं. नाशिकचं ठरलं होतं, होळीनंतर. नलूताईंनी मला आत घेतलं आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघरात बसवलं, कारण बाहेरच्या खुर्च्या बांधून झाल्या होत्या. खिडकीवरचा पडदा काढून घडी करून ठेवला होता. उजेड भरपूर होता. चोरून ठेवण्यासारखं तिथे काही दिसलं नाही. ओट्याखाली खताचा एक मोठा डबा, खिडकीत बेसिलच्या पाच कुंड्या. मी डब्याचं झाकणही उचलून पाहिलं. वांग्याची देठं, टोमॅटो, काळे पडलेले ऑलिव्ह.

"बघा बघा," त्या म्हणाल्या. "कृती शिकवत नाही मी कोणाला, पण खत बघायला हरकत नाही."

"उरलेलं इथे टाकता?"

"मग काय करू? चीज मांजरीला, बाकी बेसिलला. आधी वाचून घेते मात्र."

"वाचून?"

त्यांनी वही पुढे केली. मला वाटत होतं तिच्यात ऑर्डरी असतील. तिच्यात उष्टी होती. घराघरांची, तारखेवार. आलमबागच्या एका घरासमोर लिहिलं होतं: 'सगळे लाजवाब म्हणाले. वांग्याचे तीन काप मनीप्लांटच्या कुंडीत. कडवट लागलं असणार. उद्यापासून मिठात जास्त वेळ ठेवणे.' दुसऱ्या एका घरी: 'पावाचे तुकडे कडेने कुरतडून सोडलेत. फार कडक.' एका ठिकाणी: 'मिरची पूर्ण संपली. इथे पुन्हा जास्त देणे.'

"इथली माणसं फार चांगली हो," नलूताई म्हणाल्या. "पण तोंडावर सांगत नाहीत. मग मला ताटाला विचारावं लागतं. आता तुमचं घर बघा. तुम्ही तर मला शिकवलंत."

त्यांनी पान उलटलं आणि चष्मा सावरून वाचलं: "'सबनीस, विकास नगर. कुंड्या स्वच्छ. ऑलिव्ह बारा उरले, बाराही बुडाला चिरलेले, फुलीसारखे. घरात कोणीतरी बी आहे का ते तपासून बघत होतं. दात नवीन असावेत, पण सांगत नाहीत. यापुढे आपणच सगळे चिरून द्यावेत. करून पाहिलं. मसालाही आत जातो. उत्तम.'" त्यांनी वर पाहिलं. "कोणाचे हो दात? मेधाचे नाहीत ना?"

मी सांगितलं. सुरी, फुल्या, रुमाल, तांबे, सगळं ओळीने. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या.

"म्हणजे लड़केवाले वगैरे काही नव्हतं."

"नाही."

"तांब्यांना सांगितलंत."

"हो."

"मला नाही."

"नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला. ताटापाशी उभी राहून विचारलं होतं."

मी मान हलवली.

"साताऱ्याचे ना तुम्ही?"

"हो."

"मला वाटायचं, एवढ्या गावात एक माणूस आहे जो तोंडावर बोलेल." त्या खिडकीकडे बघत होत्या. "चोर म्हणालात त्याचं काही नाही. मीही दूधवाल्याला रोज म्हणते. पण त्याच्या तोंडावर म्हणते."

मी तिथूनच तांब्यांना फोन लावला, आवाज मोठा करून. चूक माझी आहे, सगळ्यांना तसं सांगा, लग्नाचं काम परत द्या, असं स्पष्ट म्हटलं. तांबे म्हणाले, "अहो सबनीस, आम्ही ताईंवर कभी शक किया ही नहीं! फक्त काय आहे, चाटवाला बुक हो गया है." नलूताईंनी हाताने खूण केली, ठेवा. मी ठेवला. त्यानंतर मी मंडळातल्या सतरा घरी स्वतः जाऊन सांगितलं. सतराही ठिकाणी ऐकलं की छे छे, आम्ही तर कधी विश्वासच ठेवला नव्हता.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी उठायला लागलो तेव्हा नलूताई म्हणाल्या, "बसा. तो ऑलिव्ह खाल्लात की नाही?"

"नाही. रुमालात होता."

"म्हणजे चोरी पकडलीत आणि चव बघितलीच नाहीत."

त्यांनी एक छोटी लाकडी थाळी काढली. थोडे टोमॅटो, वांगं, चार ऑलिव्ह, मोझरेलाचे दोन काप, वर मीठ, लिंबाची चकती. माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः वही उघडून पेन्सिल घेऊन बसल्या.

"आता खा. आणि खरं बोला. एवढं तरी देणं लागता तुम्ही माझं."

मी खाल्लं. "टोमॅटो खारट आहेत."

पेन्सिल चालली. "किती?"

"निम्मं मीठ पुरेल. वांग्याला तेल फार आहे, घशाशी येतं."

"अजून?"

"ऑलिव्ह चांगले आहेत."

"'चांगले' नको. 'चांगले' सगळे म्हणतात."

"संत्र्याची साल कमी हवी. कडू लागते."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय पसरत गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. भांडणात जिंकलेल्या माणसासारख्या त्या दिसत होत्या. "नणंद," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "थेट नणंद!" मग पेन्सिल थांबवून विचारलं, "आणि मोझरेला?"

मोझरेला आंबट झालं होतं. थंडीत दूध वेळेवर लागलं नसेल, किंवा एक दिवसाचं जुनं असेल. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मागे खोकी रचलेली होती.

"उत्तम आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. नुसती मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या. तेवढ्यात मी दुसरा काप लिंबाच्या चकतीखाली सरकवला.

चहा झाला. त्या दारापर्यंत आल्या नाहीत, गुडघे दुखत होते. फाटकाची कडी लावायला मी वळलो. पडदा नसल्यामुळे खिडकीतून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. नलूताई ओट्यापाशी उभ्या होत्या. माझी थाळी त्यांनी उजेडात तिरकी धरली होती आणि बोटाने एकेक गोष्ट बाजूला करत होत्या. टोमॅटोचं देठ. तेलाचा डाग. मग त्यांनी लिंबाची चकती उचलली.

खालचा काप त्यांनी नाकाशी नेला. मग वही जवळ ओढली आणि लिहायला लागल्या.